चौथ्या गिअरवरचं बोलणं

आमच्या घरातलं महत्त्वाचं बोलणं घरात होत नसे. ते गाडीत होई, आणि गाडीतही चौथा गिअर पडल्यावर.

हा नियम कुणी केलेला नव्हता. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. धान्याची गोदामं, औषधांचे कारखाने, सोनारांच्या पेढ्या, सगळीकडे त्यांचे काटे होते, आणि डिकीत पितळी वजनांची पेटी ठेवून ते अर्धा आठवडा रस्त्यावर असत. घरी आले की गप्प. आईनं काही विचारलं की "हं", आम्ही काही मागितलं की "बघू". पण सुट्टीत मला किंवा दादाला बरोबर नेलं, की वस्ती संपेपर्यंत पहिला, दुसरा, पुन्हा पहिला करत गाडी मोकळ्या रस्त्याला लागायची, चौथा पडायचा, इंजिनाचा आवाज खाली बसायचा आणि बाबा समोर बघत म्हणायचे, "हं, बोल."

मग आम्ही बोलायचो. गणितात नापास झाल्याचं दादानं तिथेच सांगितलं. नोकरी धरायच्या ऐवजी मला पुढे रसायनशास्त्र शिकायचंय, हे मी तिथेच सांगितलं. आईच्या तपासण्यांमध्ये काय निघालं ते बाबांनी मला तिथेच सांगितलं, आणि माझं लग्न टिकत नाहीये हे पुढे काही वर्षांनी मी त्यांना. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. रस्ता दोघांच्या समोर असायचा, जे काही अवघड असेल ते त्याच्यावर टाकून द्यायचं. विषय नको झाला की बाबा कारण नसताना दुसऱ्यावर यायचे. "गेले दुसऱ्यात," आई मागच्या सीटवरून म्हणायची, "आता संध्याकाळपर्यंत तोंडातून अवाक्षर निघायचं नाही."

आई गेली, दादा नोकरीसाठी लांब गेला, मी शहराच्या मध्यावर राहायला आले. बाबा शहराच्या टोकाला, चढावरच्या आमच्या जुन्या घरात एकटे राहिले. गाडी होती तोवर त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी गाडी चालवणं थांबवलं. आपणहून. मला फोन करून म्हणाले, "पुढच्या गाडीचा नंबर दिसत नव्हता तोवर ठीक होतं गं. काल पुढची गाडीच दिसली नाही."

"लागलं का कुणाला?"

"नाही. ब्रेक लागला. पण तो माझ्या हुशारीनं नाही लागला, नशिबानं लागला."

जादाची किल्ली त्यांनी आठवणीला वजनांच्या पेटीत ठेवली आणि गाडी शेजारच्या सुताराला देऊन टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं दिसत नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसतं. "कप बघायचा असेल तर कपाच्या शेजारी बघा," डॉक्टर म्हणाले. बाबा ते लवकर शिकले. नळाकडे बघत ते कप उचलायचे, दाराच्या चौकटीकडे बघत कुलपात किल्ली घालायचे. फक्त माणसांच्या बाबतीत त्यांना ते जमेना. समोरच्याशी बोलताना दुसरीकडे बघणं हा त्यांच्या लेखी उद्धटपणा होता. त्यामुळे माणसांकडे ते अगदी सरळ, अदबीनं बघत, आणि त्यांना कुणीच दिसत नसे.

मी दर सुट्टीला जात होते. किराणा भरायचे, औषधांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावायचे. चढावरची बस बंद झाली होती. मागवली की दाराशी येणारी, चालकाशिवायची गाडी असताना बस कशाला, असं ठरवणाऱ्यांना वाटलं असावं. आणि त्या गाडीत बसायला बाबांची ठाम ना होती.

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात," ते म्हणायचे. "इथे तर सीटच रिकामी."

फोनवर दादा म्हणाला, "तू त्यांना तुझ्याकडे ने. मी सांगितलं तर भांडण होईल. तुझं ऐकतील."

"म्हणजे वाईटपणा माझ्या वाट्याला."

"धाकटी आहेस. धाकट्यांना सगळं माफ असतं."

मी मागची खोली रिकामी केली. पुस्तकं बाहेरच्या खोलीत आणली, सायकल खालच्या शिंपिणीकडे ठेवली. खिडकीला जाड पडदा लावला, कारण बाबांना उजेड टोचतो. फक्त त्यांना सांगायचं राहिलं. दर सुट्टीला सांगायचं ठरवून जायची आणि न सांगता परत यायची. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांच्या तोंडाकडे बघून, 'बाबा, आता हे घर सोडा' असं म्हणायला मला जमेना. ज्यात बसून सांगावं ती गाडीच उरली नव्हती.

शहरात तोवर त्या गाड्या पाण्यासारख्या पसरल्या होत्या. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे नमुन्यांच्या बाटल्या आता एकट्याच येतात, सीटवर पट्ट्यात बांधलेल्या, शहाण्या मुलांसारख्या. शिंपिणीची सात वर्षांची मुलगी पोहायला एकटी जाते. आईला ती फोनवर पोहोचेपर्यंत दिसत असते, तरीही गाडी वळेपर्यंत शिंपीण खिडकीत उभी राहतेच. कोपऱ्यावरचे टॅक्सीवाले काका आता गाड्यांच्या तळावर त्या आतून पुसायचं काम करतात. "छत्र्या, बूट, एकदा तर दातांची कवळी," ते सांगतात. "पूर्वी पुढे मी असायचो, म्हणून लोक जरा माणसासारखे बसायचे."

मग आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिनं शहराच्या पलीकडे नवं घर घेतलं होतं. "रविवारी भाऊला घेऊन जेवायला ये," ती म्हणाली. "गाडी मी पाठवते. आणि तो नाही म्हणाला तर त्याला सांग, मी स्वतः येऊन दारात बसेन."

आत्याला नाही म्हणणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही.

मी ठरवलं, जाताना सांगायचं. कसली का असेना, गाडी ती गाडी.

रविवारी ती दारात आली. डब्यासारखी लहान, आवाज न करणारी. बाबांनी आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली, हातानं पत्रा चाचपत, एखाद्या दुकानातला अनोळखी काटा तपासावा तशी. मग दाराची कड सापडली.

"मी पुढे बसतो."

"पुढे-मागे नाहीये बाबा. समोरासमोर आहे. दोन इकडे, दोन तिकडे."

"म्हणजे डॉक्टरच्या खोलीसारखं."

तरी जिथे चालक बसला असता त्याच बाजूला ते बसले. त्यामुळे त्यांचं तोंड मागच्या रस्त्याकडे झालं आणि माझ्याकडे. आमचे गुडघे एकमेकांना टेकत होते. गाडी म्हणाली, "कृपया पट्टा लावा."

"लावतो, लावतो," बाबा म्हणाले. "आल्या आल्या सासूसारखी बोलते."

गाडी निघाली. वळणावर बाबांचा डावा पाय आपोआप दाबला जायचा, जिथे क्लच असतो तिथे. डावा हात मांडीवर होता, तो जरासा पुढे सरकून परत मागे यायचा. आम्ही उतार उतरलो, पूल ओलांडला, मोठ्या रस्त्याला लागलो. मी वाट बघत होते. बाबा माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघत होते, म्हणजे त्यांना माझ्या जागी एक करडा डाग दिसत असणार. मी मनात वाक्य जुळवलं, 'बाबा, मागची खोली मोकळी केलीय.' बाहेर झाडं मागे पडत होती. वाक्य तयार होतं. पण मी बोलत नव्हते, आणि का बोलत नाहीये ते मला कळायला बराच वेळ लागला. आवाज खाली बसायची मी वाट बघत होते. इंजिन नव्हतंच, तर बसणार काय?

बाबा म्हणाले, "कितव्यात आहे ही?"

"हिला गिअर नाहीत बाबा."

"एकही नाही?"

"एकच म्हणा. निघाल्यापासून थांबेपर्यंत तोच."

त्यांनी डावा पाय मागे घेतला. मग म्हणाले, "मग कळायचं कसं?"

काय कळायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन शहाणी माणसं, एक ना एक दिवस गिअर पडेल म्हणून गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. आत्याच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा आमच्यात एकूण बोलणं एवढंच झालं होतं.

आत्याच्या घरात अजून रंगाचा वास होता. खोकी अर्धी उघडलेली होती. तिनं बाबांचा हात धरून त्यांना सगळं घर दाखवलं, म्हणजे त्यांच्या हाताला दाखवलं. हा ओटा, ही बेसिनची कड, इथे पायरी आहे भाऊ, इथे माझा नवरा पडला असता, बरं झालं आधीच गेला.

"काहीही बोलतेस," बाबा हसत म्हणाले.

"तो असता तर तोही हसला असता. बस. सूप गरम आहे, तोंड भाजून घेऊ नकोस. गाडी कशी वाटली?"

"गाडी कुठली? खोली आहे ती, चाकं लावलेली."

"मी तर झोपते तिच्यात," आत्या म्हणाली. "भाऊ, तुला सांगते. हे गेल्यावर मी घराबाहेर पडेचना. तुम्हाला वाटलं दुःखात आहे. दुःखात होते, पण तेवढंच नव्हतं. मला गाडी येत नाही. कुठे जायचं म्हटलं की मुलाला सांगा. तो विचारणार, काय काम आहे? मी सांगणार, काही नाही, जरा तळ्यावर बसून येते. तो म्हणणार, आई, आज नको, शनिवारी. त्याचंही चूक नाही. पण म्हणजे प्रत्येक वेळी आधी कारण द्यायचं, मग जायचं. लहानपणी वडिलांना कारण दिलं, मग नवऱ्याला, मग मुलाला. ही गाडी विचारत नाही. तळं म्हटलं की तळं. एकदा नुसती बसले आणि म्हटलं, फिरव. फिरवलं तिनं! मला रडायचं होतं, रडले, आणि घरी येऊन कणीक... नाही, खोटं कशाला बोलू, घरी येऊन झोपले."

बाबा सूप पीत होते. वाडग्याच्या पलीकडे, मिठाच्या भांड्याकडे बघत.

"आणि तू," आत्या त्यांना म्हणाली, "चढावर बसून राहा घुबडासारखा. लेक दर सुट्टीला चढ चढून येते तुझ्याकडे. तिला काही आयुष्य?"

"आत्या," मी म्हणाले.

"आत्या काय? बोलते का तू? तू पण त्याचीच. तोंडात मूग."

बाबांनी चमचा खाली ठेवला. दुसऱ्यात गेले, मला वाटलं.

निघताना उन्हं तिरपी झाली होती. बाबा म्हणाले, मघाशी उलटं बसून डोकं गरगरलं, आता मी सुलटा बसतो. ते त्या बाजूला बसले, मी त्यांच्यासमोर. आत्यानं बाहेरून काचेवर थाप मारली आणि गाडी निघाली.

या वेळी बाबा माझ्याकडे बघेचनात. मान वळवून खिडकीकडे बघत बसले. आत्याचं बोलणं लागलं असणार, मी मनात म्हटलं, आणि आता वर माझं ऐकायचं. आज नकोच. पण चढावर पोहोचलो की आजचा दिवसही गेला.

आत्याच्या वस्तीतून बाहेर पडायच्या आधीच गाडी थांबली. रस्त्याच्या मधोमध एक मोठा पिवळा कुत्रा उन्हाला आडवा झाला होता. "रस्त्यात अडथळा आहे," गाडी म्हणाली. "आपण थांबलो आहोत."

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"कुत्रा. झोपलाय."

"हॉर्न वाजव म्हणावं तिला."

"ती बहुतेक तो उठायची वाट बघणार."

"छान. म्हणजे आता त्याची झोप होईपर्यंत." मग म्हणाले, "मीही वाजवत नसे म्हणा."

"तुम्ही उतरून त्याला उठवायचात. आणि वर बिस्किट द्यायचात."

ते हसले. कुत्र्यानं एक कान हलवला आणि पुन्हा ठेवून दिला. गाडी उभी होती. उभ्या गाडीत आमच्या घरातलं कुणी कधी काही बोललेलं नाही. बाबा खिडकीकडेच बघत म्हणाले,

"गुंजे, पलंग मावतो का त्या खोलीत?"

गुंज हे सोनाराच्या काट्यावरचं अगदी लहान वजन. मी जन्मले तेव्हा फार बारीक होते, तेव्हापासून ते मला गुंज म्हणतात. पण मोठेपणी क्वचित.

"कुठल्या खोलीत?" मी म्हटलं. अगदीच वेड्यासारखं.

"तुझ्या मागच्या. मागच्या रविवारी मी पडवीत होतो आणि तू आत माझा पलंग मोजलास. डोळे गेलेत माझे, कान नाही. ती टेप सर्रकन परत जाते ना आत, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. जन्म मोजमापात गेलाय माझा."

"मावतो," मी म्हणाले. "पण दार मग पूर्ण उघडत नाही."

"दादाचं डोकं?"

"दोघांचं." मग खरं ते सांगितलं. "बाबा, मला भीती वाटते. प्रयोगशाळेत फोन वाजला की आधी तुम्ही डोळ्यांपुढे येता. पायरीवरून पडलेले. गॅस चालू राहिलेला. तुम्ही तिथे एकटे असता आणि मी इथे बाटल्या हलवत असते."

ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक कुंपण आणि त्यावर वाळत घातलेली चादर. मला भरून आलं.

"बाबा, निदान माझ्याकडे बघा तरी."

"बघतोय की."

"तुम्ही बाहेर बघताय."

"अगं, म्हणूनच तू दिसतेयस." त्यांनी मान हलवली नाही. "सकाळी तुझ्याकडे सरळ बघत आलो, अख्खा रस्ता, तर एक धुक्याचा गोळा समोर. म्हटलं, आपली पोर गेली कुठे? आता बघ, त्या कुंपणाकडे बघतोय तर तू आहेस. पुढे दोन केस पांढरे झालेत. नाक तसंच, तुझ्या आईचं. डोळे पुसतेयस."

मी हात खाली घेतला.

"मला आधी वाटायचं, बोलताना असं दुसरीकडे बघणं बरं नाही," ते म्हणाले. "पण तुला मी दुसरं कसं बघितलंय कधी? मी रस्त्याकडे आणि तू कडेला. परीक्षा, लग्न, सगळं. तुझा चेहरा मला कडेनंच पाठ आहे गं. नेमका तेवढाच भाग शाबूत राहिलाय."

कुत्रा उठला. त्यानं आळस दिला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि कुंपणाशी गेला. गाडी निघाली. निघाल्याचा आवाज झालाच नाही, त्यामुळे बाबांचं बोलणं थांबायलाही काही कारण मिळालं नाही.

"पलंग इतक्यात हलवायचा नाही," ते म्हणाले. "त्या खोलीतली सायकल हलवली असशील, ती परत आण. मी बुधवारी येईन. एकटा. हिच्यात बसून. जेवेन, तुझ्या त्या बाटल्यांच्या गोष्टी ऐकेन आणि परत जाईन. दर बुधवारी. शनिवारी आत्याकडे जाईन, ती तळ्यावर नेणार म्हणाली. सुट्टीला तू चढ चढायचा नाहीस. वाटलं तर ये, पण किराणा घेऊन नाही."

"आणि पडलात तर?"

"तुझ्या खोलीतही खाली जमीनच आहे ना?"

मला हसू आलं, आणि त्याचा रागही आला. "बाबा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. ज्या दिवशी मला हिचं दार सापडणार नाही, किंवा कुठे जायचं ते हिला सांगता येणार नाही, त्या दिवशी मीच तुला म्हणेन, गुंजे, टेप आण. तोवर ते घर माझं. तुझ्या आईच्या हातचं आहे गं ते. मला त्यात काही बघावं लागत नाही."

मोठा रस्ता आला, दुकानं सुरू झाली. मला वाटलं होतं, आज मी त्यांना काहीतरी सांगणार आणि ते गप्प होणार. झालं उलटंच. मी तपासून बघितलं, भीती गेली होती का? गेली नव्हती. पण काट्याच्या दुसऱ्या पारड्यात आता काहीतरी होतं.

"बुधवारी काय करू जेवायला?" मी विचारलं.

"काहीही कर. ताट पांढरं आणि भात पांढरा, असं मात्र करू नकोस. सापडत नाही मला."

माझी इमारत आली. आत्यानं गाडीला माझाच पत्ता दिला होता, तिथे ती थांबली आणि दार उघडलं. खरं तर त्यांना चढावर सोडून मग मी परत यायचं, असं ठरलं होतं. मी पट्टा सोडला नाही.

"उतर," बाबा म्हणाले. "बुधवारची तालीम आजच होऊ दे. हिला सांग, मला घरी न्यायचं." मग लगेच म्हणाले, "नको, थांब. मीच सांगतो." त्यांनी घसा साफ केला आणि आपला पत्ता सांगितला, दुकानदाराला सांगावा तसा, खुणेच्या झाडासकट.

"समजलं," गाडी म्हणाली.

"झाड समजलं का पण हिला?" त्यांनी मला विचारलं.

"पोहोचल्यावर फोन करा."

"करीन. आणि तू लगेच करू नकोस. मी झोपलेलो असेन, आत्यासारखा."

मी उतरले. दार बंद झालं. शिंपीण तिच्या खिडकीत मशीनवर होती, तिनं मान वर केली. मी पदपथावर उभी राहिले. काचेमागे बाबा पट्टा लावून ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. माझ्याकडे नाही, सरळ पुढे, रिकाम्या सीटच्याही पलीकडे, रस्ता असतो तिकडे बघत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा लेकीवर रुसलाय.

गाडी हलली. त्यांनी मान वळवली नाही. फक्त हात वर केला, नेमका माझ्या दिशेनं.